तिसऱ्या खणाचा तळ

पुरवणी जबाब. गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

मी, वय ६३ वर्षे, धंदा जुन्या फर्निचरची दुरुस्ती व पॉलिश. नाव व राहण्याचा पत्ता परवा मंगळवारी दिलेल्या जबाबात आहे तोच. आज मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर झालो असून समक्ष सांगतो की, मंगळवारचा माझा जबाब खोटा आहे.

लेखनिक हवालदारांनी येथे पेन थांबवून विचारले, "खोटा म्हणजे चुकीचा, असं लिहू का?" मी नको म्हणालो. चूक वेगळी आणि खोटे वेगळे, एवढे कळण्याइतका या धंद्यात मुरलो आहे. खोटा असेच लिहावे.

माझे दुकान अडतीस वर्षांचे आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचे घर. घरी मी व पत्नी असे दोघेच असतो. बाजारात मला बोटवाले म्हणतात. डोळे मिटून लाकडावरून बोट फिरवले की वस्तू कुठली, किती जुनी, वरचे पॉलिश कोणते हे मी सांगतो, अशी माझी ख्याती आहे. हे नाव मला आवडते. दुकानाच्या पाटीवरही मी ते रंगवून घेतले आहे.

दुरुस्तीला आलेले जुने कपाट बदलल्याच्या या गुन्ह्यात अटक असलेला इसम माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, वय ४३. मला दाजी म्हणतो. विसाव्या वर्षी माझ्याकडे कामाला लागला, सतरा वर्षे माझ्या हाताखाली होता. सहा वर्षांपूर्वी वेगळा झाला व आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्याने स्वतःचे दुकान काढले. माझी गिऱ्हाइके पळवली असे मी त्याच्याविषयी सगळीकडे सांगत आलो. मंगळवारच्या जबाबातही सांगितले. ते खरे नाही. खरे कारण पुढे येईल.

कपाटाविषयी साहेबांना आधी नीट सांगतो, म्हणजे माझे खोटे कुठे आहे ते कळेल. सदर कपाट दोन दारांचे असून आत आठ खण आहेत. रंग काळा, वर सोनेरी चित्रे. पूल, झाडे, छत्री घेतलेली माणसे आणि एका घराच्या छपरावर त्या घरापेक्षा मोठा पक्षी. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या श्रीमंत लोकांना चिनी वस्तूंचे वेड लागले होते. जहाजे भरभरून माल यायचा तरी पुरायचा नाही. खरा चिनी काळा रंग तिकडच्या एका झाडाच्या चिकाचा असतो. एक थर द्यायचा, दमट खोलीत वाळवायचा, घासायचा, मग दुसरा. असे वीस-तीस थर. ते झाड युरोपात नव्हते. तिथल्या कारागिरांनी मग किड्याची लाख घेतली, आम्ही पॉलिशला वापरतो तीच. ती स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात काजळी घातली, चित्राला उठाव यावा म्हणून खडू आणि डिंकाचा लेप दिला, वर सोनेरी पूड लावली. चीन त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. नमुन्याच्या पुस्तकावरून किंवा मनाने काढायचे. म्हणून त्यांचे पूल पलीकडच्या काठाला पोचत नाहीत आणि माणसे झाडाएवढी असतात. मोठ्या घरच्या बायकांनाही या कामाचा नाद होता. याला फ्रेंच भाषेत शिन्वाझरी म्हणतात, आम्ही चिनी धाटणी म्हणतो. ही नक्कल खरी, पण टाकाऊ नव्हे. चांगल्या हाताचे काम असेल तर जाणकार ते डोक्यावर घेतात.

अस्सल चिनी आणि चिनी धाटणी यांतला फरक ओळखायची रीत सोपी आहे. मागच्या पायाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दाबून धरायचा. झाडाचा चीक स्पिरिटला दाद देत नाही, कापूस पांढरा राहतो. लाख विरघळते, कापूस काळा होतो. माझ्या वस्तादांनी हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवले. "आधी कापूस, मग तोंड," असे ते म्हणायचे.

त्यांनी आणखी एक रीत घालून दिली. दुरुस्ती अशी करायची की गिऱ्हाइकाला दिसू नये, पण पुढच्या कारागिराला ती कळली पाहिजे. म्हणून काय काम केले ते तारखेसह पेन्सिलीने खणाच्या तळाला खालून लिहायचे. मी हे मेहुण्याला शिकवले.

सदर कपाट पंधरा वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेबांनी घेतले. डॉक्टरसाहेब म्हणजे फिर्यादी डॉक्टरीणबाईंचे पती, चार वर्षांपूर्वी वारले. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून बाईंना भेट द्यायची होती. त्या दिवशी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये दहा-बारा पाहुणे होते. मला मुद्दाम बोलावले होते, मेहुणा हत्यारांची पेटी घेऊन बरोबर होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "बोटवाले, सांगा हिला, मी काय आणलंय ते." मी डोळे मिटले आणि दारावरून बोट फिरवले. हॉल शांत झाला. मला तेव्हा फार बरे वाटत होते, हे सांगायला आज लाज वाटते.

मी म्हणालो, अस्सल चिनी, दोनशे वर्षांच्या वरचे. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, मागच्या पायाला जरा स्पिरिट लावून बघू या का?" चारचौघांत त्याने माझा पाणउतारा केला असे मला वाटले. मी मोठ्याने म्हणालो, "स्पिरिट? अरे, माझं हे बोट तुझ्या वयापेक्षा मोठं आहे!" लोक पोट धरून हसले. मेहुण्याने मान खाली घालून पेटी उचलली. मी तिथेच दुकानाच्या कागदावर अस्सल असल्याचा दाखला लिहून सही केली. बाईंनी तो चौकट करून भिंतीला लावला. आता तो डॉक्टरसाहेबांच्या फोटोशेजारी आहे.

आठ दिवसांनी कपाट दुकानात आले. डाव्या दारावरचा पूल व पुलावरचा माणूस यांचा रंग उडाला होता, तो भरायचा होता. भोवतालचा मळ काढायला मी सवयीने स्पिरिटचा कापूस उचलला आणि फिरवला. कापूस काळा झाला. मी तो उलटा करून पुन्हा फिरवला. दुसरी बाजूही काळी झाली. मेहुणा समोरच्या स्टुलावर बसून खडू कुटत होता. त्याने पाहिले. मीही त्याच्याकडे पाहिले. तो उठला, माझ्या हातातून कापूस घेतला, मागच्या दाराने बाहेर जाऊन फेकून आला आणि पुन्हा खडू कुटायला लागला.

त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांकडे जाऊन दाखला परत मागता आला असता. त्यांचे घर चालत वीस मिनिटांवर आहे. ते सज्जन होते, हसून सोडून दिले असते. मी गेलो नाही. पूल रंगवला, पुलावरचा माणूस रंगवला. वातावरण हलके करायला मेहुणा म्हणाला, "दाजी, हा चिनी कुठला, हा तर आपला पोस्टमन." खरेच तो आमच्या गल्लीतल्या पोस्टमनसारखा झाला होता, खांद्याला पिशवीसुद्धा होती. आम्ही दोघे खूप हसलो. नंतर मी तिसऱ्या खणाच्या तळाला लिहिले, डाव्या दाराचा पूल व माणूस नव्याने रंगवला, तारीख, बोटवाले. कापसाचे लिहिले नाही.

त्यानंतर मेहुण्याने हा विषय एकदाच काढला. सहा वर्षांपूर्वी एका टेबलाचे दोन पाय आम्ही नवीन बसवले होते. ते गिऱ्हाइकाला सांगा, असे तो म्हणाला. मी म्हणालो, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मी बघतो. तो म्हणाला, "दाजी, त्या कपाटाचं आपण सांगितलं नाही, ते माझ्या अजून मनातून जात नाही." मी त्याला म्हणालो, तुझे ब्रश उचल आणि चालता हो. त्याने ब्रश धुऊन, पुसून नेले. वेगळे होण्याचे खरे कारण हे आहे.

पुढे डॉक्टरीणबाईंनी मला दोन-तीनदा कपाटाच्या कामासाठी बोलावले. कंबर धरली आहे असे मी सांगत राहिलो. माझी कंबर ठणठणीत आहे. शेवटी यंदा त्यांनी ते कपाट डॉक्टरसाहेबांच्या नावाने संग्रहालयाला द्यायचे ठरवले. त्याआधी उजव्या दाराची बिजागरी बदलायला त्यांनी मेहुण्याला बोलावले. कपाट त्याच्या दुकानात अकरा दिवस होते. मागच्या शनिवारी संग्रहालयाच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझ्यासारखे डोळे मिटले नाहीत, मागच्या पायाला कापूस लावला. कापूस काळा झाला. वस्तू नक्कल आहे, पण युरोपातली, चिनी धाटणीची, अडीचशे वर्षांची आणि फार चांगली आहे, आम्ही आनंदाने घेऊ, असे त्या म्हणाल्याचे मला नंतर कळले. डॉक्टरीणबाईंना त्यातला नक्कल हा एकच शब्द ऐकू आला. माझे पती फसवी वस्तू आणणार नाहीत, बोटवाल्यांचा दाखला माझ्याकडे आहे, म्हणजे अस्सल कपाट दुरुस्तीला गेले तेव्हा बदलले गेले, अशी त्यांनी फिर्याद दिली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. सोमवारी मेहुण्याला अटक झाली. त्याची कोठडी उद्या शुक्रवारपर्यंत आहे.

मंगळवारी दुपारी चार वाजता मला ओळख पटवायला बोलावले. मागच्या खोलीत, पकडलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी, कपाट उभे होते. गळ्यात दोरीने चिठ्ठी बांधलेली. दारावर माझा पोस्टमन होता. मी पाहताक्षणी ओळखले. साहेब म्हणाले, "घाई नाही, सावकाश बघा." तेवढ्यात त्यांना फोन आला व ते दाराबाहेर गेले. मी तिसरा खण ओढून काढला आणि उलटा केला. माझे अक्षर होते. त्याखाली या महिन्याची तारीख घालून मेहुण्याचे अक्षर होते. ते असे: उजव्या दाराची खालची बिजागरी बदलली. वरचे काम लाखेचे आहे, स्पिरिट वापरू नये. खाली सहीच्या जागी लिहिले होते, बोटवाल्यांच्या हाताखालचा.

म्हणजे कपाट तेच होते. या तीन ओळींवर तो त्याच मिनिटाला सुटला असता.

मी उजव्या हाताचे पहिले बोट थुंकीने ओले केले आणि ते अक्षर पुसायला लागलो. आधी त्याचे, मग माझे. पेन्सिल फिकट झाली, पण जुने लाकूड पेन्सिल पिऊन टाकते, ते पूर्ण गेले नाही. बाहेर साहेबांचा आवाज थांबला तसा मी खण जागेवर सरकवला. साहेबांनी आत येऊन विचारले, हेच का ते? मी म्हणालो, हे नव्हे. त्यांनी विचारले, काही खूण वगैरे? मी म्हणालो, खूण कसली, माझं बोट खोटं सांगत नाही.

येथे हवालदारांनी पुन्हा पेन थांबवले व म्हणाले, "काका, हे पुरावा पुसण्याचं लिहिलं तर तुम्हीच आत जाल." मी म्हणालो, लिहा. त्याला जे कलम लागत असेल ते लावावे. माझे काही म्हणणे नाही.

मंगळवारी बाहेर पडताना मला मेहुण्याजवळून जावे लागले. कोठडी या टेबलासमोरच आहे. तो गजांपाशी आला आणि म्हणाला, "दाजी, ताई जेवली का?" मी हो म्हणालो आणि चालू लागलो. पायऱ्यांवर हवालदार मला म्हणाले, "तुमचा मेहुणा विचित्र आहे हो. काहीही विचारलं की एकच, दाजींना विचारा, ते सांगतील." खणाखाली काय लिहिले आहे ते त्याला पाठ होते. त्याने दोन दिवसांत एकदाही खण उलटा करा असे सांगितले नाही. सांगितले असते तर तो सुटला असता आणि मी उघडा पडलो असतो. म्हणून त्याने ते माझ्यावर सोडले. मी काय केले ते वर आले आहे.

घरी गेल्यावर पत्नीने विचारले, "पाहिलंत ना कपाट? आता सुटेल ना तो?" मी म्हणालो, होईल सगळं नीट. तिला ते पुरले. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे, एकतीस वर्षांचा. बुधवारी तिने भावाचा निळा शर्ट त्याच्या घरून आणला, धुतला, दुपारी इस्त्री केला आणि दुकानाच्या दारामागे खुंटीला लावला. घरी येताना चुरगळलेल्या कपड्यात नको, लोक बघतील, असे म्हणाली. कालचा अख्खा दिवस मी त्या शर्टासमोर बसून एका खुर्चीला पॉलिश केले. एकच हात तीनदा फिरवला गेला, पॉलिशला सुरकुत्या पडल्या. तिने येऊन पाहिले आणि म्हणाली, "तुम्हालाही काळजी वाटते ना त्याची? उगाच भांडता." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

आज सकाळी चहा झाल्यावर मी तिला सगळे सांगितले. कापसापासून. तिने उठून खुंटीवरचा शर्ट काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "तुम्हीच घेऊन जा." पिशवी आता या टेबलावर आहे.

कपाटाचा तिसरा खण माझ्यासमोर काढून पाहावा. अक्षर फिकट आहे, पण खिडकीपाशी तिरके धरले तर वाचता येते. कपाट तेच आहे. ते बदलले गेलेले नाही. मेहुण्याने बिजागरी बदलण्यापलीकडे त्याला हात लावलेला नाही. दाखला माझा होता व तो खोटा होता, हे मला पंधरा वर्षे माहीत होते. डॉक्टरीणबाईंना एवढे कळवावे की त्यांच्या पतींनी फसवी वस्तू आणली नव्हती. त्यांनी चांगलीच वस्तू आणली होती, तिचे नाव मी चुकीचे सांगितले. भिंतीवरचा दाखला काढायला मी स्वतः येईन, त्या दारात उभे करतील तर.

माझे सांगणे येथे संपले. हवालदारांनी लिहिलेले कागद हातात घेऊन सर्व मजकूर मला मोठ्या आवाजात वाचून दाखवला. कोठडी समोर असल्याने तो आतही ऐकू गेला. वाचन चालू असताना मेहुणा गजांपाशी येऊन उभा होता. पूर्ण झाल्यावर तो म्हणाला की एका ठिकाणी चूक आहे, दुरुस्त करावी. हवालदारांनी कुठे असे विचारले. तो म्हणाला, "दाजी, स्पिरिटचं मी सगळ्यांसमोर नव्हतो बोललो. मी तुमच्या कानात बोललो होतो. मोठ्यानं बोललात ते तुम्ही."

यावर मी विचार करून सांगतो की, मेहुण्याचे म्हणणे खरे आहे. पेटी खाली ठेवून तो माझ्या खांद्याशी वाकला होता, ते मला आता आठवते. पाहुण्यांनी फक्त माझे उत्तर ऐकले. पंधरा वर्षे मी ते उलटे आठवत आलो आणि त्यावरून त्याच्यावर राग धरला. वर सगळ्यांसमोर असे लिहिले आहे ते खोडून कानात असे करावे. या दुरुस्तीनंतर मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, त्यात आता माझ्या बाजूने राखून ठेवलेले काही नाही, म्हणून खाली सही करतो.